बिब्ब्याची दोन टिंबं

आमच्या आळीत नऊ घरं होती आणि नऊ घरांचे कपडे एकच परटीण नेत असे. तिला एक अक्षर येत नव्हतं. मला मराठी तिसरीपर्यंतची अक्षरं येत होती, आणि सगळा घोळ मी केला. आता मी म्हातारी आहे. कोणाला काय वाटेल याचा विचार करून लिहायचे दिवस गेले, तेव्हा घडलं तसं लिहिते. यातली बहुतेक माणसंही गेली. नावं कोणाची लिहिणार नाही. सासरच्यांची नावं जन्मभर तोंडातून काढली नाहीत, आता कशाला सुरुवात करू?

ही गोष्ट ठाण्यातली. प्लेग यायला अजून दहा-बारा वर्षं होती. आळीतले पुरुष बहुतेक कचेरीत कारकून, एक वकील, एक पेन्शनीत निघालेले आजोबा. नौपाड्याकडे तेव्हा नुसती भाताची खाचरं होती. तळ्याच्या पलीकडे परटांचं एकच घर, आमच्या परटिणीचं. माझं माहेर कल्याणचं. तिथे मुलींची शाळा निघाली होती आणि वडिलांना हौस, म्हणून मी तिसरी झाले. अकराव्या वर्षी लग्न झालं आणि पाटी अडगळीत गेली. सासरी वाचता येणारी बाई मी एकटीच. मला त्याचा ताठा होता. पोथीची पानं सासूबाईंना मी वाचून दाखवी, तेव्हा थोरल्या जाऊबाई मुद्दाम ताक घुसळायला बसत, आवाज व्हावा म्हणून.

परटीण सोमवारी गाठोडं न्यायची आणि गुरुवारी आणून द्यायची. उंच, हाडकुळी, पायांना सोड्याच्या पाण्याने भेगा पडलेल्या. तिच्या नवऱ्याचे गुडघे गेले होते, तो घरी भट्टी आणि इस्त्री सांभाळी. गाठोडं ती उघडत नसे, पायरीवरून उचलून डोक्यावर घेई. तिच्याकडे गेल्यावर नऊ घरांचे कपडे एका भट्टीत पडत. मग ते वेगळे कसे करायचे? त्यासाठी तिच्या खुणा होत्या. प्रत्येक कपड्याच्या आतल्या कोपऱ्यात बिब्ब्याची खूण. बिब्ब्याचा रस आणि वर चुना लावला की ती काळीभोर होते आणि कापड फाटेपर्यंत जात नाही.

समोरच्या वकिलांची खूण एक टिंब. शेवटच्या घरातल्या पेन्शनीतल्या आजोबांची शेजारी शेजारी दोन टिंबं. त्यांच्या अलीकडच्यांची एकाखाली एक दोन. मग कोणाची तीन, कोणाची उभी रेघ, कोणाची आडवी, कोणाची फुली, आणि एका घराची रेघ आणि तिच्या डोक्यावर टिंब. उभी कोणती आणि आडवी कोणती हे काठावरून ओळखायचं. काठाला धरून जाते ती आडवी. ही झाली आठ घरं. नववं आमचं. आमच्या कपड्यावर खूणच नव्हती. माझ्या सासऱ्यांनी कधी काळी बजावलं होतं की आमच्या कपड्याला डाग लावायचा नाही. सासरे वारले तरी सासूबाई ही गोष्ट येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. "आमच्याकडे नाही हो बिब्बा लावत, आमचं कापड कोरं असतं." परटिणीला त्याचं काही वाटत नव्हतं. आठांवर खूण आहे, ज्यावर नाही ते आमचं. वीस वर्षं तसं बिनबोभाट चाललं होतं.

मला ते फार अडाणीपणाचं वाटे. बिचारीला अक्षरं येत नाहीत म्हणून टिंबं आणि रेघा ओढते, असं मी जाऊबाईंना म्हणालेही होते. त्यावर त्या म्हणाल्या, "तुला येतात ना अक्षरं? मग तूच का नाही धूत?" त्यांचं उत्तर असंच असायचं. तेव्हा मी ते हसण्यावारी नेलं.

घरात आमच्या दोघींचं भांडण कायमचं एकच, धोतरांचं. थोरले दीर आणि आमचे हे, दोघेही कचेरीत, दोघांची धोतरं एका लांबीची, एका काठाची. परटिणीकडून आली की घड्यांचा एकच ढीग. जाऊबाईंच्या वाट्याला एखादं विटलेलं आलं की सुरू.

"बघितलंत सासूबाई? पुन्हा जुनेर माझ्याच वाट्याला. दर गुरुवारी हिच्याच हाताला कसं चांगलं लागतं?"

"जाऊबाई, तुम्हीच उचललंत ते."

"मी उचललं ते वरचं होतं. तू खालून ओढलंस."

सासूबाई दोघींवर ओरडत. दिवाळीपासून हे ऐकून माझं डोकं उठलं होतं.

त्या वर्षी नणंदेचं लग्न ठरलं. मुलगा कल्याणचा. वऱ्हाड गाडीने येणार, आठ दिवस आधीपासून घरात पापड, शेवया, गव्हले. सासूबाईंनी हौसेने नागपुरी रेशीमकाठी धोतरांच्या दोन जोड्या आणवल्या, दोन मुलांना लग्नात नेसायला. दोन्ही जोड्या इतक्या सारख्या की मला समोर भांडण दिसायला लागलं. भर मांडवात जाऊबाई काठ ताणून बघणार, आणि कल्याणच्या बायका, म्हणजे माझ्या माहेरच्या गावच्या बायका, ते बघणार.

म्हणून मी ठरवलं की आमच्या घरातल्या घरात खूण करायची. माझ्यासारख्या शिकलेलीने खरं तर अक्षर लिहायला हवं होतं. पण अक्षर कोणतं लिहिणार? यांच्या नावाचं पहिलं अक्षर लिहिणं म्हणजे नाव घेणंच, आणि थोरल्या दिरांचं तर त्याहून वाईट. जाऊबाईंना वाचता येत नसलं तरी "काय लिहिलंस?" असं विचारल्यावर मी काय सांगणार होते? इतकी शाळा शिकून कापडावर नवऱ्याचं एक अक्षर काढायची सोय नव्हती. मग मी टिंबांवर आले. टिंब म्हणजे कोणाचं नाव नाही. थोरल्या दिरांना एक टिंब, यांना शेजारी शेजारी दोन. थोरला पहिला, धाकटा दुसरा. इतकं सरळ की कोणाला समजावायलाही नको. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

परटिणीच्या खुणा मला पाठ होत्या. तरीही माझ्या डोक्यात आलं नाही. मी आमच्या घरातल्या दोघांचा विचार करत होते, आळीतल्या नऊ घरांचा नाही. एवढं साधं होतं आणि एवढंच माझ्या लक्षात आलं नाही.

सासूबाईंच्या औषधाच्या डब्यातून मी दोन बिब्बे काढले. दुपारी सगळ्या कलंडल्या असताना मागच्या पडवीत बसून समईवर दाभण तापवलं, बिब्ब्याला टोचलं आणि आधी जुन्या धोतरांवर टिंबं काढली. वरून चुना लावला. झकास उमटली. रस मात्र बोटाला लागला. दुसऱ्या दिवशी अंगठा आणि शेजारचं बोट टरारून फुगलं. सासूबाईंनी विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, "तेल उडालं." त्यांनी खोबरं चघळून त्याचा लेप लावला आणि म्हणाल्या, "कढईकडे लक्ष दे, पोथीत नको."

गुरुवारी परटीण आली. जुनी धोतरं तिने वर्षानुवर्षं हाताळलेली, त्यामुळे ती बरोबर आमच्याकडेच आली. पण पायरीवर बसून तिने एक उलगडलं आणि कोपरा सासूबाईंपुढे धरला.

"मोठ्या बाय, ह्याच्यावर टिंब कुनी मारलं? मी नाय मारलं."

सासूबाईंनी कोपरा बघितला आणि त्यांचा आवाज चढला. "तू नाही तर कोणी? आमच्या कपड्याला डाग लावलास? वीस वर्षांत जे झालं नाही ते लग्नाच्या तोंडावर केलंस?"

"मी नाय वो."

"मग तुझ्या म्हाताऱ्याने मारलं असेल. बघ घरी जाऊन. पुन्हा झालं तर खपवून घेणार नाही."

मी दाराआड उभी होते. माझा अंगठा चिंधीत गुंडाळलेला. तेव्हाच बोलले असते तर दोन शिव्या खाऊन सुटले असते. पण मला वाटलं, ओरडल्या, झालं. परटीण गेली, विषय संपला. आपण दुसऱ्याला ओरडा बसताना बघत उभं राहायचं आणि विषय संपला म्हणायचं, ही माझी तेव्हाची अक्कल.

पुढच्या सोमवारच्या आधी मी नव्या जोड्यांवरही टिंबं काढली. खळ जावी आणि घडी बसावी म्हणून ती धोतरं लग्नाआधी एकदा परटाकडे जायची होती. गाठोडं बांधलं मीच. परटिणीने नेहमीप्रमाणे न उघडता नेलं.

गुरुवारी सगळं आलं, नवी धोतरं आली नाहीत.

लग्नाला आठ दिवस. सासूबाईंनी घडी न घडी उलटून बघितली, मग पायरीवर आल्या. मागे जाऊबाई, जाऊबाईंच्या मागे मी.

"रेशीमकाठी धोतरं कुठायत?"

"कंची?"

"कंची काय विचारतेस? दोन जोड्या दिल्या होत्या. कोऱ्या."

परटीण खरंच गोंधळली. "तुमच्या घरची कोरी धोतरं मी बघितलीच नाय, मोठ्या बाय."

"नेलीस आणि बघितली नाहीस?"

"खूण नसलेलं जेवढं व्हतं तेवढं आनलंय. माझ्या घरात तुमची एक चिंधी ऱ्हायली नाय. या बघाया."

"मग काय पाय फुटून गेली?"

हे मोठ्याने चाललेलं. समोरच्या ओट्यावर वकिलीणबाई तांदूळ निवडत होत्या. सूप बाजूला ठेवून त्या आल्या. "काय झालं हो? चोरी?" आणि उत्तराची वाट न बघता, "मागे माझाही एक पंचा गेला होता. मी बोलले नाही."

"तुमचा पंचा वाऱ्याने तळ्यात पडला व्हता, वकिलीनबाय. मी सांगितलं व्हतं."

"हो, सांगितलं होतंस," वकिलीणबाई म्हणाल्या, अशा सुरात की ऐकणाऱ्याने वेगळंच समजावं.

सासूबाईंनी मग निकाल दिला. सोमवारपर्यंत धोतरं आली नाहीत तर या घरचं काम बंद, आणि लग्नात पायघड्याही दुसरा परीट घालेल. ज्यांना ही रीत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. वरमाय मांडवाकडे येते तेव्हा तिच्या पायांखाली धुतलेली धोतरं पसरत न्यायची, हा परटाचा मान. नारळ, लुगडं, शिधा त्याला मिळतोच, पण मुख्य म्हणजे चारचौघांत तो उभा राहतो. लग्नघराने आपल्या परटिणीला बाजूला सारून दुसऱ्याकडून पायघड्या घालून घेतल्या, तर आळीतली उरलेली आठ घरंही तिला धरत नाहीत. चोरटी म्हणून ती ठाण्यात कुठेच उभी राहिली नसती. हे सासूबाईंना माहीत होतं, वकिलीणबाईंना माहीत होतं. परटिणीला तर होतंच. तिने रिकामा धडपा झटकला, खांद्यावर टाकला आणि गेली.

मला कोडं तिथेच सुटलं होतं. "खूण नसलेलं जेवढं व्हतं तेवढं" हे तिने म्हटलं तेव्हाच. मी टिंब काढलं त्या क्षणी ते धोतर आमचं राहिलंच नव्हतं. एका टिंबाचं वकिलांचं झालं होतं. दोन टिंबांचं आजोबांचं.

संध्याकाळी मी यांना सांगितलं. हे पाटावर बसून पान लावत होते.

"म्हणजे धोतरं समोर आहेत?"

"एक जोडी. दुसरी शेवटच्या घरी."

"मग मिळतील की. गप्प बस आता."

"परटिणीला चोर म्हणाल्या सगळ्या."

"अगं, परटीण काय, दुसरी मिळेल. आई तुला काय म्हणेल त्याचा विचार कर. औषधाच्या डब्यातून बिब्बे काढलेस, खोटं बोललीस, वर कपड्यांना डाग. लग्नघरात तमाशा नको." मग पानाला चुना लावत, "आणि दोन टिंबं मला का? दोन म्हणजे कमी की जास्त?"

तेव्हा माझ्या मनात काय आलं ते लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी देवळात जाते म्हणून निघाले आणि तळ्याच्या पलीकडे गेले. परटीण आळीतल्या इतर घरांचे, काल न वाळलेले कपडे गोळा करत होती. मी बोटं दाखवली आणि सगळं सांगितलं. ती ऐकून घेत होती, हात थांबले नव्हते. सांगून झालं तेव्हा तिने घड्यांचा ढीग जमिनीवर ठेवला.

"दोन दीस मी म्हाताऱ्याला जेवाय वाढलं नाय," ती म्हणाली. "म्हटलं, ह्यानंच डोळे फुटल्यागत टिंब मारलं. तो म्हनतोय नाय, मी म्हनतेय तूच."

खोपीत तिचा म्हातारा इस्त्रीत कोळसे घालत होता. त्याने मान वर केली नाही.

"मी घरातल्यापुरतं केलं होतं गं," मी म्हटलं. "एक टिंब थोरल्यांचं, दोन यांचं. आमचं आम्हाला कळावं म्हणून."

"तुमच्या घरातलं कापड घरात ऱ्हातंय व्हय? ते माझ्याकडं येतंय."

"पण एक टिंब म्हणजे वकील, असं त्या टिंबावर लिहिलंय का कुठे?"

ती उकिडवी बसली, ढिगातले चार कपडे ओढले आणि कोपरे माझ्यापुढे मांडले.

"एक टिंब म्हंजे काय? काय पन नाय. माशीनं घान केली तरी तसंच दिसंल. ह्ये दोन नाय, ह्ये उभं नाय, ह्ये आडवं नाय, म्हनून त्ये वकिलाचं. बाकीच्या सात खुना पुसून टाक, आनि मग सांग मला ह्ये टिंब कुनाचं. आनि तुमचं काय व्हतं? तुमच्यावर कायच नव्हतं, म्हनून तुमचं व्हतं. आठांवर असल्याबिगर तुमच्या नसन्याला कोन इचारतो?" तिने कपडे पुन्हा ढिगात टाकले. "शाळंत गेली व्हतीस ना तू?"

आजवर ती मला तुमी म्हणत होती. तू झालं, ते मी ऐकलं. मला ते लागलं आणि लागायलाच हवं होतं. त्या एका शब्दाने मी सूनबाय राहिले नाही, नुसती घोळ घालणारी पोर झाले.

शाळेत मला हे कोणी सांगितलं नव्हतं. घ आणि ध यांत फरक काय, तर ध च्या डोक्यावरची रेघ जरा तुटलेली. मास्तरांनी त्यासाठी हातावर छड्या दिल्या होत्या. पण त्या तुटलेल्या जागेत ध कुठून आला, हे त्यांनी सांगितलं नाही, बहुधा त्यांनाही ठाऊक नसावं. मी समजत होते की प्रत्येक अक्षराच्या पोटात त्याचा अर्थ असतो, आणि परटिणीच्या रेघाटोट्यांच्या पोटात नसतो. दोन्हीकडे पोट रिकामंच. शेजारचं कोण आहे, यावर सगळं चालतं. आता माझा नातू इंग्रजी पुस्तकं वाचतो आणि शब्दाचा अर्थ कोशात असतो असं मला सांगतो. मी त्याला म्हणते, बाबा, तुझ्या कोशात तरी काय आहे, एका शब्दापुढे दुसरे शब्दच ना? तो म्हणतो, आजी, तुला नाही कळायचं. बरं.

"आता काय करू?" मी परटिणीला विचारलं.

"माझ्यापुढं सांगून काय उपेग? सासूपुढं सांग. आनि ती वकिलीन असंल तवा सांग."

शनिवारी दुपारी आमच्या माजघरात गव्हले वळायला आळीतल्या बायका जमल्या. वकिलीणबाई होत्या, पेन्शनीतल्या आजोबांची सून होती, जाऊबाई, नणंद, सासूबाई मधोमध. वकिलीणबाईच बोलत होत्या, परटांची जात कशी असते, विश्वास कसा ठेवू नये. मी परात खाली ठेवली आणि उभी राहिले. उभं राहून बोलायची रीत नव्हती, म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"टिंबं मी काढली," मी म्हटलं. "धोतरांवर. बिब्बे डब्यातून घेतले. तेल उडालं नव्हतं. एका टिंबाची जोडी वकिलांकडे गेली असेल आणि दोन टिंबांची शेवटच्या घरी. परटिणीने खुणेप्रमाणे दिली."

सासूबाईंनी हातातला गव्हला ताटात टाकला आणि वकिलीणबाईंकडे बघितलं. मला वाटलं होतं त्या आधी मला फाडून खातील. पण त्यांनी वकिलीणबाईंकडे बघितलं.

"आली होती का हो जोडी?"

"रेशीमकाठी? आली असेल बाई. बघायला हवं. मी म्हणणारच होते की..."

"कधी म्हणणार होतात? लग्न झाल्यावर?"

वकिलीणबाई उठल्या, पदर सावरत गेल्या आणि जोडी घेऊन आल्या. घडी मोडलेली होती. वकील कोर्टात नेसून गेले होते की घरात, ते त्यांनी सांगितलं नाही. आजोबांची सून मात्र रडवेली झाली. म्हणाली, "मामंजी तर परवापासून ती नेसून तळ्यावर फिरायला जातायत. मला वाटलं त्यांनीच घेतली." आम्ही सगळ्या दोन दिवस त्यांना दारावरून जाताना बघत होतो. म्हाताऱ्याच्या धोतराकडे कोण बघतं?

मग माझी पाळी आली. सासूबाईंचा आवाज चढला नाही, हे जास्त वाईट होतं. "तुझ्या वडिलांना पत्र लिही. तुला येतं ना लिहायला? त्यांना कळव, मुलीला शिकवलंत त्याचा आम्हाला असा उपयोग झाला." जाऊबाईंना मनातून उकळ्या फुटत होत्या. पण त्या एवढंच म्हणाल्या, "म्हणजे एक टिंब आमचं होतं? थोरल्यांना एकच?"

परटिणीला चोर म्हटलं होतं, त्याचं काय? त्याचं कोणी नाव काढलं नाही. सासूबाईंनी थोरल्या दिरांकरवी निरोप धाडला, सोमवारी ये, पायघड्या तूच घालायच्या. त्यांच्या लेखी एवढ्यात सगळं आलं. वकिलीणबाईंच्या लेखी तर काही घडलंच नव्हतं. पंच्याचं मात्र त्या पुढे दोन वर्षं सांगत होत्या.

परटीण सोमवारी आली, गाठोडं नेलं, गुरुवारी धोतरांसकट आणलं. लग्नाच्या दिवशी तिने आणि तिच्या लंगडणाऱ्या म्हाताऱ्याने वेशीपासून मांडवापर्यंत पायघड्या घातल्या. वरमाय पाऊल टाकी तसं मागचं धोतर उचलून पुढे पसरायचं. कल्याणच्या बायका बघत होत्या, आळीतल्या नऊही घरच्या बायका बघत होत्या, आणि परटीण ताठ मानेने, एक सुरकुती न पडू देता, धोतर पसरत होती. लुगडं घेतलं, नारळ घेतला, शिधा घेतला. सासूबाईंना वाकून नमस्कार केला.

पुढच्या सोमवारी तिने आठ घरांची गाठोडी उचलली आणि आमच्या पायरीवरून सरळ पुढे गेली. सासूबाईंनी हाक मारली.

"अगं, आमचं राहिलं."

ती थांबली. "तुमचं आता नको, मोठ्या बाय. लगनाचा मान व्हता, तो केला. रोजचं नको."

"का? धोतरं मिळाली ना?"

"मिळाली. चोर म्हनलात ते कुनी मागं घेतलं नाय."

सासूबाई लाल झाल्या. त्यांच्या तोंडून 'मागे घेते' हे दोन शब्द निघणं शक्य नव्हतं, आणि परटिणीलाही ते माहीत असावं. ती वाट बघत उभी राहिली, आळीतल्या ओट्यांवरून बायका ऐकत होत्या. मग ती निघून गेली. मी तेव्हा दारातच होते. मी धावत जाऊन म्हणू शकले असते, चूक माझी, मी मागे घेते. पण चोर मी म्हटलं नव्हतं. ज्यांनी म्हटलं त्यांनीच ते मागे घ्यायचं होतं. माझ्या तोंडून निघालं असतं तर त्याला काही किंमत नव्हती.

दुसरा परीट बघायचा तर खोपट गावापर्यंत माणूस धाडावा लागे, आणि तिकडच्या परटाने आमच्या परटिणीची आळी घ्यायला नाही म्हटलं. मग सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, आणि मला पुढचं समजलं.

मंगळवारी मी गाठोडं डोक्यावर घेऊन तळ्यावर गेले. चादरी, धोतरं, पोरांचे कपडे, सगळं. डोक्यावरून पदर घसरत होता आणि गाठोडं सांभाळायला दोन्ही हात लागत होते. परटीण आधीच पाण्यात होती. तिच्या दोन्ही बाजूंना आळीचे कपडे पडलेले. शेजारी एक सपाट, रुंद दगड मोकळा दिसला, त्यावर मी गाठोडं टेकवलं.

"तो दगड म्हाताऱ्याचा," ती मान न वळवता म्हणाली. "गुडघे बरे झाले की तो येनार हाय. पल्याडच्या दगडावर जा."

पलीकडचा दगड अर्धा शेवाळलेला होता आणि एका बाजूला कलंडलेला. मी त्यावर गेले. दोन वर्षं मी आमच्या घरची धोतरं तिथेच आपटली.